लिनक्सवर गेम खेळायचा, तर तो कुठून विकत घ्यावा?

मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. ज्यांच्या संगणकावर विंडोज ११ बसत नाही, अशा लोकांपुढे नवा संगणक घेणे किंवा आहे त्यावर लिनक्स ही विंडोजऐवजी वापरता येणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टिम टाकणे असे दोन मार्ग उरले. स्टीम या गेमच्या दुकानाकडून दर महिन्याला होणाऱ्या पाहणीत त्याच ऑक्टोबरमध्ये लिनक्स वापरणाऱ्यांचे प्रमाण प्रथमच तीन टक्क्यांच्या वर गेले. ब्राउझर, पत्रव्यवहार, चित्रपट पाहणे हे सगळे लिनक्सवर फारशी तक्रार न करता होते, पण घरातल्या मुलांचा आणि अनेक मोठ्यांचाही पहिला प्रश्न गेमचा असतो. हा प्रश्न बहुधा ‘लिनक्सवर गेम चालतात का?’ असा विचारला जातो. माझ्या मते तो थोडा वेगळा विचारायला हवा: अमुक गेम अमुक दुकानातून घेतला, तर तो चालवून देण्याची जबाबदारी कोणाची?

विंडोजवर हा प्रश्न सहसा पडत नाही. एकच गेम तीन दुकानांत मिळत असेल, तर जिथे स्वस्त असेल तिथून घ्यावा, एवढाच विचार पुरतो. लिनक्सवर मात्र तोच गेम एका दुकानातून घेतला तर एका बटणावर सुरू होतो, दुसऱ्यातून घेतला तर आणखी एक सॉफ्टवेअर मध्ये घालावे लागते, आणि तिसऱ्यातून घेतला तर सुरूच होत नाही, असे घडू शकते. हे का घडते ते समजून घेण्यासाठी विंडोजचा गेम लिनक्सवर मुळात चालतो कसा, ते आधी पाहू.

दुभाष्याचे काम

गेम म्हणजे प्रोसेसरला दिलेल्या सूचनांची एक लांबलचक यादी असते. प्रोसेसर इंटेलचा असो वा एएमडीचा, त्याला विंडोज आणि लिनक्स यांच्यात काही भेद वाटत नाही. बेरीज करण्याची सूचना दोन्हीकडे सारखीच असते. अडचण वेगळ्या ठिकाणी येते. गेमला मधूनमधून ऑपरेटिंग सिस्टिमकडे काही मागावे लागते, जसे की ही फाइल उघडून दे, हा आवाज वाजव, हे चित्र पडद्यावर काढ. विंडोजसाठी लिहिलेला गेम ही मागणी विंडोजच्या भाषेत करतो आणि लिनक्सला ती भाषा येत नाही. १९९३ साली सुरू झालेला ‘वाइन’ हा प्रकल्प येथे दुभाष्याचे काम करतो. गेमने केलेली मागणी तो ऐकतो, लिनक्सला कळेल अशा शब्दांत पुढे पोहोचवतो आणि उत्तर परत आणून देतो. संपूर्ण विंडोजची नक्कल आत उभी केली जात नाही. फक्त मागण्यांचे भाषांतर होते, म्हणून वेगही फारसा कमी होत नाही.

यातला सर्वांत अवघड भाग चित्रांचा होता. विंडोजचे बहुतेक गेम डायरेक्ट-थ्रीडी या पद्धतीने ग्राफिक्स कार्डाशी बोलतात, तर लिनक्सवर व्हल्कन ही पद्धत आहे. डायरेक्ट-थ्रीडीच्या जुन्या आवृत्त्यांचे व्हल्कनमध्ये रूपांतर करणारे ‘डीएक्सव्हीके’ आणि बाराव्या आवृत्तीचे रूपांतर करणारे ‘व्हीकेडी३डी-प्रोटॉन’ हे दोन दुभाषे तयार झाले आणि परिस्थिती पालटली. स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने वाइन आणि हे ग्राफिक्सचे दुभाषे एकत्र बांधून ऑगस्ट २०१८ मध्ये ‘प्रोटॉन’ या नावाने स्टीममध्येच बसवले. त्यामागे व्हॉल्व्हचा स्वतःचा हेतूही होता. २०१५ मध्ये बाजारात आणलेली लिनक्सवरची ‘स्टीम मशिन्स’ चालली नव्हती, कारण त्यांच्यावर खेळण्यासारखे गेमच पुरेसे नव्हते. गेम बनवणाऱ्या प्रत्येक कंपनीने लिनक्ससाठी वेगळी आवृत्ती काढावी म्हणून वाट पाहत बसण्यापेक्षा आहेत ते गेम तसेच चालवून दाखवावेत, हा धडा त्यातून घेतला गेला. फेब्रुवारी २०२२ मध्ये ‘स्टीम डेक’ हे हातात धरून खेळायचे यंत्र आले, त्यातली ऑपरेटिंग सिस्टिम लिनक्सच आहे. आज प्रोटॉनची जी डागडुजी सतत चालते, ती मुख्यतः या यंत्राच्या ग्राहकांसाठी असते आणि तिचा फायदा आपल्या टेबलावरच्या संगणकालाही आपोआप मिळतो.

स्टीम: जिथे दुकानदारच दुभाषाही पुरवतो

म्हणून लिनक्सवर नव्याने येणाऱ्याला मी पहिला गेम स्टीमवरूनच घ्यायला सांगतो. स्टीमचे लिनक्ससाठीचे अधिकृत अॅप फेब्रुवारी २०१३ पासून उपलब्ध आहे. दुकानाच्या पानावर फक्त विंडोजचे चिन्ह असलेला गेमही बहुतेक वेळा थेट इन्स्टॉल होतो आणि प्रोटॉन आपल्या नकळत कामाला लागतो. पूर्वी त्यासाठी सेटिंग्जमधील ‘कंपॅटिबिलिटी’ या भागात जाऊन इतर गेमसाठी ही सोय वेगळी चालू करावी लागे. एखादा गेम नीट चालत नसेल, तर त्या गेमच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये प्रोटॉनची दुसरी आवृत्ती निवडता येते. ‘एक्सपेरिमेंटल’ नावाच्या आवृत्तीत ताज्या दुरुस्त्या सर्वांत आधी येतात.

येथे एक गोष्ट अनेकांना उलटी वाटते. एखाद्या गेमची खास लिनक्ससाठी बनवलेली आवृत्ती उपलब्ध असली, तरी तीच चांगली असेल असे नाही. २०१३ ते २०१८ या काळात अनेक कंपन्यांनी लिनक्सच्या आवृत्त्या काढल्या आणि पुढे त्यांच्याकडे पाहिले नाही. विंडोजच्या आवृत्तीला नवे भाग, नव्या दुरुस्त्या मिळत राहिल्या आणि लिनक्सची आवृत्ती जागीच राहिली. अशा वेळी प्रॉपर्टीजमध्ये प्रोटॉन सक्तीने निवडून विंडोजची आवृत्ती चालवणे शहाणपणाचे ठरते. मात्र तसे करण्यापूर्वी आपण खेळात कुठवर पोहोचलो आहोत ते ज्या फाइलींत साठवले जाते, त्या सेव्ह फाइली दोन्ही आवृत्त्यांत वेगवेगळ्या ठिकाणी असू शकतात, हे लक्षात ठेवावे. अर्ध्यावर आलेला खेळ आवृत्ती बदलल्यावर पुन्हा पहिल्यापासून दिसू लागला की फार हिरमोड होतो.

स्टीमवरून घेण्याचे दुसरे मोठे कारण पैसे परत मिळण्याचा नियम आहे. विकत घेतल्यापासून चौदा दिवसांच्या आत आणि एकूण दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल, तर कोणतेही कारण देऊन पैसे परत मागता येतात. ‘माझ्या लिनक्सवर चालत नाही’ हे कारणही चालते. लिनक्सवर खेळणाऱ्यासाठी ही सवलत म्हणजे प्रत्यक्षात चाचणीची मुदत आहे. म्हणून सेलमध्ये घेतलेला गेम ‘नंतर सवडीने खेळू’ म्हणून बाजूला ठेवू नये. तो त्याच आठवड्यात उघडून तासभर चालवून पाहावा. गेम अडकला आणि त्याची खिडकी तशीच उघडी राहिली, तर तोही वेळ खेळलेला म्हणून मोजला जातो, तेव्हा ती बंद करावी. स्टीमचे कूपन किंवा ‘की’, म्हणजे गेम खात्यात जमा करण्याचा सांकेतिक क्रमांक, दुसऱ्या एखाद्या संकेतस्थळावरून घेतलेली असेल, तर मात्र स्टीम तिचे पैसे परत करत नाही. भारतात स्टीमवर किमती रुपयांत दिसतात. ज्या दुकानात डॉलरमध्ये पैसे घेतले जातात, तिथे बँक परकीय चलनाच्या व्यवहाराचे जे शुल्क लावते ते जोडूनच तुलना करावी. वरवर स्वस्त दिसणारी किंमत त्यानंतर तशी राहीलच असे नाही.

उदाहरण म्हणून पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या स्टुडिओने बनवलेला, २०२० मध्ये आलेला ‘राजी: अॅन एन्शन्ट एपिक’ हा गेम घेऊ. तो विंडोजसाठी आहे, एकट्याने खेळायचा आहे आणि त्यात इतरांशी स्पर्धा नाही. असा गेम दिसला की लिनक्सवाल्याने फार घाबरण्याचे कारण नसते. ‘प्रोटॉनडीबी’ या संकेतस्थळावर त्याचे नाव शोधावे आणि आपल्यासारखे ग्राफिक्स कार्ड असलेल्या लोकांनी अलीकडे काय लिहिले आहे ते वाचावे. हे संकेतस्थळ खेळणाऱ्यांच्याच नोंदींवर चालते. तिथे प्लॅटिनम, गोल्ड, सिल्व्हर, ब्रॉन्झ आणि अजिबात न चालणारे अशा श्रेणी दिलेल्या असतात. मी स्वतः श्रेणीपेक्षा नोंदींच्या तारखांकडे जास्त पाहतो, कारण तीन वर्षांपूर्वीची ‘चालत नाही’ ही तक्रार आज बहुधा शिळी झालेली असते आणि कधीकधी याच्या नेमके उलटही घडलेले असते. स्टीमवर ‘डेक व्हेरिफाइड’ असा शिक्काही दिसतो. तो त्या छोट्या यंत्राला धरून दिलेला असतो. त्याच्या खालची ‘प्लेएबल’ ही श्रेणी पुष्कळदा अक्षरे बारीक दिसतात किंवा नाव टाइप करायला कळफलक लागतो एवढ्याच कारणासाठी मिळते, आणि मोठा पडदा, कळफलक, माउस असलेल्या माणसाला त्याने काही फरक पडत नाही.

स्वतःजवळ ठेवायचे गेम

स्टीमवर आपण पैसे देतो ते गेम वापरण्याच्या परवान्यासाठी. गेमची मालकी आपल्याकडे येत नाही. हे पूर्वीही खरे होते, पण अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने २०२४ मध्ये डिजिटल दुकानांनी ही गोष्ट ग्राहकाला स्पष्ट सांगावी असा कायदा केला. त्या सुमारास स्टीमच्या खरेदीच्या पानावर तशी सूचना दिसू लागली. बहुतेकांना आयुष्यभर याचा त्रास होणार नाही. तरीही जो गेम दहा वर्षांनी पुन्हा खेळावासा वाटेल, जो मुलांना दाखवावासा वाटेल, तो आपल्या डिस्कवर आपल्या ताब्यात असावा असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठी ‘जीओजी’ हे दुकान आहे.

पोलंडमधील या दुकानाची सुरुवात २००८ मध्ये जुने गेम नव्या संगणकांवर चालवून देण्यासाठी झाली. त्याचे वैशिष्ट्य असे की येथे विकल्या जाणाऱ्या गेमना कुलूप नसते. इन्स्टॉलरची फाइल डाउनलोड करून पेन ड्राइव्हवर किंवा बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवली, की नंतर इंटरनेट नसले, दुकान बंद पडले, तरी ती चालते. २०१४ पासून तेथे लिनक्सच्या आवृत्त्याही मिळतात. पैसे परत करण्याची मुदत तीस दिवसांची आहे आणि गेम डाउनलोड करून खेळलेला असला तरी ती लागू होते. हा विश्वासाचा व्यवहार आहे आणि त्याचा गैरफायदा घेऊ नये, असे मला मनापासून वाटते.

उणीव अशी की जीओजीने आपले ‘गॅलेक्सी’ हे अॅप वर्षानुवर्षे फक्त विंडोज आणि मॅकसाठीच ठेवले. विंडोजचा गेम येथून घेतला, तर दुभाषा आपणच बोलवावा लागतो. हे काम ‘हिरोइक गेम्स लॉन्चर’ हे मोफत, मुक्त स्रोत सॉफ्टवेअर चांगले करते. त्यात जीओजीच्या खात्याने लॉगिन केले की आपले सगळे गेम दिसतात, तेच सॉफ्टवेअर प्रोटॉन किंवा वाइन आणून देते आणि इन्स्टॉल झाल्यावर गेम एका बटणावर सुरू होतो. ‘लुट्रिस’ आणि ‘बॉटल्स’ हीदेखील याच जातीची सॉफ्टवेअर आहेत. लुट्रिसमध्ये अडून बसलेल्या गेमसाठी इतरांनी लिहून ठेवलेल्या इन्स्टॉल करण्याच्या कृती मिळतात. हे सर्व स्वयंसेवकांच्या कष्टावर उभे आहे. बिघाड झाला तर तक्रार ऐकणारे माणूस मिळते, पण ते जीओजीचे नोकर नसते. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या गेमसाठी मात्र मला जीओजीच पहिल्यांदा आठवते, कारण त्या गेमच्या मूळ फाइली हाती आल्या की डॉसबॉक्स, स्कमव्हीएम यांसारखी लिनक्सवर थेट चालणारी साधने त्या वापरू शकतात आणि अशा वेळी वाइनचीही गरज लागत नाही.

छोट्या, स्वतंत्र निर्मात्यांच्या गेमसाठी ‘इच’ हे संकेतस्थळ आहे. २०१३ मध्ये सुरू झालेल्या या दुकानाचे लिनक्ससाठी स्वतःचे अॅप आहे, आणि विक्रीतला किती वाटा दुकानाने घ्यावा हे गेमचा निर्माता स्वतः ठरवतो.

जिथे सावध राहावे

एपिक गेम्स स्टोअर डिसेंबर २०१८ मध्ये सुरू झाले आणि वेळोवेळी मोफत मिळणाऱ्या गेममुळे लोकप्रिय झाले. त्याचे लिनक्ससाठी अॅप नाही. हिरोइकमधून एपिकचे बरेच गेम व्यवस्थित चालतात, तेव्हा मोफत मिळालेले जरूर घ्यावेत. पैसे मोजून घेण्याबाबत माझे मत वेगळे आहे. ‘रॉकेट लीग’ या गेमची लिनक्ससाठी अधिकृत आवृत्ती होती. त्याचा निर्माता स्टुडिओ एपिकने २०१९ मध्ये विकत घेतला आणि मार्च २०२० मध्ये लिनक्स व मॅकच्या आवृत्त्यांचा ऑनलाइन पाठिंबा काढून घेण्यात आला. ज्या दुकानाच्या हिशेबात आपण ग्राहक म्हणून धरलेलेच नाही, तिथे बिघाड झाल्यावर दाद मागता येत नाही. मायक्रोसॉफ्टच्या गेम पासचे पीसीवरचे अॅपही लिनक्सवर चालत नाही.

काही मोठे प्रकाशक आपला गेम स्टीमवर विकतात, पण तो सुरू केल्यावर त्यांचे स्वतःचे लॉन्चर, म्हणजे गेम सुरू करून देणारे वेगळे अॅप, उघडते आणि वेगळ्या खात्याने लॉगिन करायला लावते. गेम चांगला चालत असतो, पण एखाद्या दिवशी त्या लॉन्चरचे अपडेट येते आणि दुभाष्याला ते समजत नाही, म्हणून गेमपर्यंत पोहोचताच येत नाही. स्टीमच्या पानावर उजव्या बाजूला वेगळ्या खात्याची किंवा वेगळ्या कुलपाची गरज असल्यास ती लिहिलेली असते. खरेदीपूर्वी ती ओळ वाचायची सवय लावून घ्यावी. ‘डेनुव्हो’ या कुलपाचे नाव तेथे दिसले, तर एकाच दिवसात प्रोटॉनच्या चार-पाच आवृत्त्या बदलून पाहू नयेत, कारण प्रत्येक बदल त्याला नवा संगणक वाटू शकतो आणि ते गेम तात्पुरता बंद करून टाकते.

मात्र सर्वांत मोठा अडसर अँटी-चीटचा आहे, आणि नेमका तोच मुलांच्या आवडत्या गेममध्ये असतो. ऑनलाइन स्पर्धेत कोणी लबाडी करू नये म्हणून गेमसोबत एक पहारेकरी सॉफ्टवेअर येते. त्यातली काही ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये जाऊन बसतात आणि संगणकावर काय चालले आहे ते तिथून पाहतात. वाइन हा दुभाषा गेमच्या मागण्यांचे भाषांतर करतो, पण विंडोजचा गाभा तो निर्माण करू शकत नाही. म्हणून ‘व्हॅलोरंट’ लिनक्सवर चालत नाही. त्याच कंपनीचा ‘लीग ऑफ लेजेंड्स’ वाइनवर बरीच वर्षे चालत होता. २०२४ मध्ये त्यालाही तोच पहारेकरी बसवला गेला आणि तो बंद पडला. ‘फोर्टनाइट’ही चालत नाही. ईझी अँटी-चीट आणि बॅटल-आय या दोन मोठ्या पहारेकऱ्यांनी २०२१ मध्ये प्रोटॉनला वाट मोकळी करून दिली, पण ती सोय चालू करायची की नाही हे प्रत्येक गेमच्या कंपनीने ठरवायचे असते. ‘एपेक्स लेजेंड्स’ने ती चालू केली होती, आणि ऑक्टोबर २०२४ च्या शेवटी लिनक्सच्या खेळाडूंना पुन्हा दार बंद केले. म्हणजे आज चालणारा स्पर्धेचा गेम उद्या चालेलच याची हमी कोणतेही दुकान देऊ शकत नाही. ‘काउंटर-स्ट्राइक २’ आणि ‘डोटा २’ हे व्हॉल्व्हचे स्वतःचे गेम असल्यामुळे लिनक्सवर थेट चालतात. इतर गेमसाठी ‘आर वी अँटी-चीट येट’ या संकेतस्थळावरील यादी पाहावी. घरातले कोणी रोज संध्याकाळी मित्रांसोबत व्हॅलोरंट खेळत असेल, तर त्या संगणकावर विंडोज राहू द्यावे, हेच प्रामाणिक उत्तर आहे. आडमार्गाने पहारेकऱ्याला चकवण्याच्या प्रयत्नात खाते कायमचे बंद होऊ शकते.

आपल्या यंत्राकडेही पाहावे

दुकान योग्य निवडले तरी ग्राफिक्स कार्डाला व्हल्कन यायला हवे. एएमडी आणि इंटेलचे ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारी सॉफ्टवेअर, लिनक्समध्ये आधीच असतात. एनव्हिडियाचा अधिकृत ड्रायव्हर बहुतेक डिस्ट्रोंमध्ये (लिनक्सच्या वेगवेगळ्या तयार आवृत्त्यांमध्ये) वेगळा निवडावा लागतो आणि तो निवडला नाही तर गेम रखडत चालतो. डीएक्सव्हीकेच्या नोव्हेंबर २०२२ पासूनच्या आवृत्त्यांना व्हल्कन १.३ लागते. त्यामुळे विंडोज ११ न बसणाऱ्या दहा-बारा वर्षांपूर्वीच्या लॅपटॉपमधील इंटेलचे ग्राफिक्स बऱ्याचदा अपुरे पडते. अशा लॅपटॉपवर पैसे खर्च करण्यापूर्वी डिस्ट्रोच्या सॉफ्टवेअर केंद्रातून ‘सुपरटक्सकार्ट’, ‘द बॅटल फॉर वेस्नॉथ’ किंवा ‘ओपनटीटीडी’ हे मोफत आणि मुक्त गेम उतरवून पाहावेत. स्टीमवरचे जुने, द्विमितीय गेमही त्यावर खेळता येतील.

आणखी एक चूक मी स्वतः केली आहे. विंडोज आणि लिनक्स दोन्ही एकाच लॅपटॉपवर होते, म्हणून जागा वाचवण्यासाठी दोघांना मिळून एकच गेमचा फोल्डर डिस्कच्या एनटीएफएस या विंडोजच्या पद्धतीच्या विभागावर ठेवला. प्रोटॉनला जे दुवे आणि ज्या नावांच्या फाइली लागतात, त्या त्या विभागावर नीट टिकत नाहीत. परिणामी गेम सुरू होताच बंद पडत आणि दोष प्रोटॉनचा आहे असे समजून मी दोन आठवडे आवृत्त्या बदलत बसलो. लिनक्सचे गेम एक्स्ट-४ किंवा बीटीआरएफएस या लिनक्सच्या पद्धतीच्या विभागावरच ठेवावेत.

प्रोटॉन प्रत्येक गेमसाठी एक छोटी, खोटी ‘सी ड्राइव्ह’ तयार करतो. ती स्टीमच्या फोल्डरमध्ये ‘कॉम्पॅटडेटा’ या नावाखाली, त्या गेमच्या स्टीमवरील क्रमांकाच्या फोल्डरमध्ये असते. क्लाउड सेव्हची, म्हणजे सेव्ह फाइली इंटरनेटवर साठवण्याची, सोय नसलेल्या गेमच्या सेव्ह फाइली बहुधा तिथेच असतात, आणि डिस्ट्रो बदलण्यापूर्वी किंवा डिस्क फॉरमॅट करण्यापूर्वी बॅकअप घेताना नेमका हाच फोल्डर राहून जातो.